शिलाईत गेलेलं घर

पुस्तक उघडलं आणि आत्याचं घर जागेवर नव्हतं.

त्याने आधी चष्म्यावर संशय घेतला. तसा तो जन्मभर स्वतःवरच संशय घेत आला होता, चष्मा बिचारा मधल्यामध्ये सापडे. सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या, पुस्तकाची ही छपाईआधीची नमुन्याची प्रत खिडकीपाशी नेली, पुन्हा उघडली. समोरासमोरची दोन पानं आणि त्यांच्यावर मिळून एकच मोठं चित्र, वस्तीचा नकाशा, त्याच्याच हातचा. डावीकडे नळ आणि नळावर भांडणाऱ्या बायका. मुलीच्या डोक्यातल्या उवा काढत बसलेली आई. उजवीकडे टेकाडाकडची घरं, दोरीवरचे कपडे, पोटावर मोडकी छत्री ठेवून भर दुपारी घोरणारा आत्याचा नवरा. आणि मधोमध, जिथे आत्याचं निळं दार असायला हवं होतं, तिथे दोन्ही पानं एकमेकांत शिरून शिलाईत बुडाली होती. डाव्या पानावर दाराची एक फळी तेवढी दिसत होती. उजव्या पानावर आत्याचं कोपर दिसत होतं. बाकीची आत्या दोऱ्यात गेली होती.

चूक त्याचीच होती, आणि ती त्याच्यासारख्याच माणसाच्या हातून होण्यासारखी होती. नोकरीभर त्याने शाळांसाठी भिंतीवरचे नकाशे काढले. मागून कापड चिकटवलेले, वर-खाली लाकडी दांडी, खिळ्याला अडकवला की खाली सरळ सपाट सुटणारा नकाशा. भिंतीवरच्या नकाशात मध्य म्हणजे मानाची जागा. मागच्या बाकावरच्या पोरानेही जे बघावं असं वाटतं ते मध्यावर आणायचं, हे त्याच्या बोटांना न सांगता समजायचं. म्हणून वस्ती काढायला बसल्यावर बोटांनी आत्याला आपोआप मध्यावर बसवलं. भिंतीला घडी नसते. पुस्तकाला असते. पुस्तकाचा मध्य म्हणजे खड्डा. घरभर पुस्तकं लावून ठेवणाऱ्या, उशाखाली पुस्तक नसलं तर झोप न येणाऱ्या माणसाला सत्तरी ओलांडल्यावर हे कळावं? आयुष्यात पहिल्यांदा आपल्या नावाचं पुस्तक निघतंय म्हणून सकाळी त्याने दाढीसुद्धा दोनदा केली होती. आता त्या गुळगुळीत गालावरून हात फिरवताना त्याला एखाद्या नवऱ्यामुलासारखं वाटलं, जो चुकीच्या मांडवात येऊन बसला आहे.

"काय झालं?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "इतकं गप्प कशाला झालात? आवडलं नाही का?"

"आत्या गेली."

"अहो, तिला जाऊन किती वर्षं झाली!"

"पुस्तकातून गेली म्हणतोय."

बायको हात पुसत आली. वाकून तिने दोन्ही पानांच्या मधल्या घळीत नजर घातली, विहिरीत पडलेली बादली बघावी तशी. मग ती हसायला लागली. "खरंच की! कोपर तेवढं राहिलंय. पण काहीही म्हणा, कोपर अगदी तिचंच हं. याच कोपराने मला तुमच्या घरच्या पहिल्या फोटोत बाजूला सारलं होतं."

"हसतेस काय? दुपारी छपाईला जातंय ते."

"म्हणून तर आत्ता जाऊन सांगायचं. छापून झाल्यावर काय, घरोघर जाऊन पोरांना सांगणार आहात, की बाळांनो, फटीत बघा, आमची आत्या आहे?"

"त्यांना वाटेल म्हाताऱ्याला आपल्या आत्याचीच पडलीय."

"मग? पडलीच आहे ना?" बायको म्हणाली आणि कुकरकडे गेली.

हॉटेलात पदार्थ खारट लागला तरी वेटरने विचारताच 'छान आहे' म्हणणारा आणि वर दोन ग्लास पाणी पिणारा माणूस तो. शिंप्याने बाही आखूड केली तर हात आखडून वावरणारा. आपल्यासाठी कुणाला थांबवायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. शिवाय संपादक बाईंनी त्याच्यासाठी काय कमी केलं होतं? शहरातल्या मोठ्या बागेवर मुलांसाठी नवं पुस्तक करायचं त्यांनी ठरवलं, बागेचे जुने फोटो असतील तर आणून द्या म्हणून वाचनालयात पाटी लावली, आणि हा फोटो न घेताच गेला. पाटीसमोर उभं राहून राहून शेवटी तिथे बसलेल्या बाईंना, पण कपाटांशी बोलावं तसं, म्हणाला, "माझ्याकडे फोटो नाही. पण तिथे आधी काय होतं ते मला चालून दाखवता येईल." दुसरं कुणी असतं तर पाणी देऊन वाटेला लावलं असतं. बाईंनी केसात खोचलेली पेन्सिल काढली आणि म्हणाल्या, "चला मग."

लहानपणी शाळेत याच बागेवरचा एक धडा होता. त्याचं पहिलं वाक्य त्याला अजून पाठ होतं. 'पूर्वी येथे काहीच नव्हते.' मग एक दूरदृष्टीचा अधिकारी येतो, ओसाड जमीन बघतो, आणि त्याच्या मनात फुलं फुलतात. वर्गाच्या बाईंनी तो धडा वाचला तेव्हा त्याला ते पटेना. काहीच नव्हतं कसं? आत्या होती. आत्याचा नवरा छत्र्या दुरुस्त करत होता. कसं कोण जाणे, त्याचा हात वर गेला. आयुष्यात पहिल्यांदाच वर्गात त्याने आपणहून हात वर केला होता. बाईंनी पाहिलं आणि त्यांनी करंगळी दाखवून म्हटलं, "जा, पण लगेच ये." सगळा वर्ग वळून बघत होता. आणि तो खरंच गेला. लागली नसताना जाऊन मोरीच्या दाराआड उभा राहिला, गळक्या नळाचे थेंब ऐकत, आणि लगेच परत आला. तेव्हापासून तो वर आलेला हात कुठेतरी अर्ध्यावरच राहिला होता. नोकरीत त्याने नकाशांवर नद्या काढल्या, डोंगरांना सावल्या दिल्या, गावांची नावं बारीक अक्षरात लिहिली, पण या शहराचा नकाशा आला की बागेच्या जागी हिरवा रंग भरताना त्याचा कुंचला उगीच जरा हळू व्हायचा.

आणि आता हे पुस्तक, जे त्या जुन्या वाक्याला उत्तर म्हणून निघालं होतं, त्याच्याच ऐन पोटात पुन्हा काही नव्हतं.

त्याने नकाशाचा पारदर्शक कागद काढला, पुस्तकाच्या पानावर ठेवला आणि सरकवू लागला. एवढं तर करता येईल, चित्र थोडं डावीकडे घ्यायचं, आत्या घडीबाहेर येईल. आत्या बाहेर आली. पण आता घडीत सुईण सापडली, तिचं घर, तिची पत्र्याची पेटी, दारात वाट बघत बसलेला कुणाचा तरी घाबरा नवरा, सगळं दोऱ्याखाली. त्याने कागद उजवीकडे सरकवला. सुईण वाचली आणि नळ गेला. नळ गेला म्हणजे भांडण गेलं, आणि भांडण गेलं की वस्तीत उरलं काय? आणखी थोडा सरकवला, तर दोन भाऊ एकाच भिंतीला पाठ लावून राहत होते त्यांच्या मधून शिलाई गेली. ते भाऊ तसे एकमेकांशी बोलत नव्हतेच, त्यांना चाललं असतं, असं मनात येऊन त्याला हसू आलं, आणि लगेच ते हसू ओठातच थिजलं. कुणाला चालेल, कुणाला नाही, कुणाचं घर गेलं तर फारसं बिघडत नाही, हे तो एका टेबलाशी बसून, चष्मा लावून, कागद सरकवत ठरवत होता. तसंच कुणीतरी तेव्हाही, बागेसाठी वस्ती पाडायचं ठरवताना, बसलं असेल. तोही माणूस वाईट नसेल. त्याच्याही टेबलावर चहा निवला असेल. त्याने कागदावरून बोट उचललं, जसं काही ते भाजलं होतं.

पुस्तक पिशवीत घालून तो निघाला. "बोला हं!" बायको मागून ओरडली. "नाहीतर जाल आणि चहा पिऊन याल."

संपादक बाईंची कचेरी बागेच्या पलीकडे. सरळ रस्ता बागेतूनच जायचा. दिवस वर आला होता, पाणी मारलेल्या मातीचा वास होता, आणि बाग अशी काही दिसत होती की तिच्याविरुद्ध मनात काही आणायचं तर लाज वाटावी. झाडं मोठी होती, त्यांची सावली दाट होती, बाकांवर म्हातारे होते, गवतावर पोरं लोळत होती. त्याला ही बाग आवडायची. हेही त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आत्याला तर नाहीच. याच तळ्याकाठी एका बाकावर त्याने आपल्या होणाऱ्या बायकोला मनातलं विचारलं होतं, म्हणजे विचारायला तोंड उघडलं होतं, बाकीचं तिनेच विचारलं. पुस्तक करताना संपादक बाई म्हणाल्या होत्या, "काका, तो बाग आखणारा अधिकारी जरा उग्र काढा ना. मुलांना कळायला हवं, चूक कुणाची." तो म्हणाला होता, "तो स्वतः झाडांना पाणी घालायचा म्हणतात. आणि घरं पाडायच्या कागदावर सहीही त्याचीच. मला दोन्ही काढू द्या. हात एकच होता." त्याने त्या अधिकाऱ्याला झारी घेऊन वाकलेला काढला, मागे अर्धी पडलेली भिंत ठेवली. आणि वस्तीतली माणसं हात जोडलेली, पाणावल्या डोळ्यांची काढा, असं बाई सांगत होत्या तेव्हा बायकोच मदतीला आली. चित्र बघून ती म्हणाली, "ही कोण? तुमची आत्या? एवढी गोड ती कधी होती हो? तिला आधी कुणाशी तरी भांडताना काढा, मग ती जाताना मुलांना वाईट वाटेल."

तळ्याच्या अलीकडे मोठी हिरवळ लागते. तिच्या कडेने फरशीची वाट आहे, सगळे त्या वाटेने जातात. तोही गेला. पण पाय मात्र हिरवळीकडे ओढत होते. लहानपणी सुट्टीच्या दिवशी आत्या त्याला इथे घेऊन यायची. घरं पाडल्यावर तिला गावाबाहेरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली होती, आणि तिथे तिला, तिच्याच शब्दांत, पाय टेकल्यासारखं वाटायचं नाही. ती त्याचा हात धरून हिरवळीवर शिरायची आणि मोकळ्या गवतात, जिथे डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं, तिथे वळणं घ्यायची. इथून डावीकडे. आता थांब, पायरी आहे. इथे वाक, कपड्यांची दोरी आहे. तिच्या हाताची पकड घट्ट होती, तळव्याला साबणाचा वास होता, आणि तिच्याबरोबर वळता वळता त्या पोराच्या अंगाला भिंती जाणवायला लागल्या. उन्हातसुद्धा एखाद्या ठिकाणी गार वाटायचं, तिथे सावली पडत असणार. तिच्या स्वयंपाकघरापाशी ती त्याला ओढून बाजूला घ्यायची. "भांडी आहेत तिथे, पाय लागेल." आणि मिशीवाल्या शेजारणीचं घर आलं की मान ताठ करून दुसरीकडे बघायची. "तिच्या दाराकडे बघू नकोस. तिला वाटेल आपण बोलायला आलो." शेजारीण तेव्हा मरून गेलेली होती. घर त्याहून आधी गेलं होतं. भांडण मात्र धडधाकट होतं.

एकदा बागेचा रखवालदार शिट्टी फुंकत आला. "ओ बाई! गवतावर चालायला बंदी आहे, पाटी दिसत नाही?"

"गवतावर कोण चालतंय?" आत्या म्हणाली. "मी घरात चाललेय."

रखवालदाराने तिच्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, शिट्टी खिशात टाकली. तो काय समजला देव जाणे. "बरं, मग जपून चाला," तो म्हणाला, "घरात आत्ताच पाणी घातलंय. घसराल."

सगळ्यात गंमत गल्लीची होती. वस्तीच्या मधून एकच गल्ली जायची, नळापासून टेकाडापर्यंत, इतकी अरुंद की समोरून कुणी आलं तर दोघांनी कूस वळवून, पोट आत ओढून, श्वास धरून एकमेकांना जाऊ द्यायचं. गल्लीचा नियम होता, भरलेल्याला आधी वाट. भरलेला हंडा असो, कडेवर मूल असो, पोटुशी बाई असो, समोरच्या रिकाम्या माणसाने मागे मागे जात गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं, मग तो कोण का असेना. घरं मोजायला आलेल्या साहेबालासुद्धा आत्याने हंडा घेऊन उलट पावली मागे ढकललं होतं. ही गोष्ट ती पुनःपुन्हा सांगायची. त्यात साहेबाची टोपी दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडायची.

पुढे नकाशे काढण्याची परीक्षा पास झाल्यावर तो मोठा कागद घेऊन तिच्या खोलीत गेला होता. म्हणाला, "सांग, मी काढतो." ती टेबलाच्या पलीकडे बसली, तो अलीकडे. शिकवल्याप्रमाणे त्याने उत्तर वर घेतली, गल्ली डावीकडून उजवीकडे आडवी काढली, दोन्ही बाजूंना घरं. आत्याने बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "हे आडवं का पडलंय? कुणी आजारी आहे का?" तिने कागद धरून फिरवला, गल्ली उभी केली. "हं. आता नळ माझ्यापाशी आला. आता मी पाणी घेऊन घरी जाते बघ." त्याने कागद परत फिरवला. नकाशात उत्तर वरच असते, हे त्याने तिला नवशिक्याच्या सगळ्या ताठ्याने समजावलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "असेल बाबा. उत्तर तुमच्या कचेरीत असेल. आमच्या गल्लीत नळ होता." मग दोघांनी हसत हसत कागद ओढला, तो कोपऱ्यात फाटला, आणि तिने उठून चहा टाकला.

हे सगळं आठवत तो कचेरीच्या जिन्यापाशी कधी आला ते त्याला कळलं नाही. वर कागदाचा आणि सरसाचा वास होता. संपादक बाई संगणकासमोर, पेन्सिल केसात. शेजारच्या खुर्चीवर पुस्तकं बांधणारा कारागीर पाय पसरून बसला होता. नमुन्याची प्रत त्यानेच शिवली होती.

"काका! आलात का स्वतःच?" बाई उठल्याच. "कसं वाटलं? खरं सांगा. सगळ्यांना आवडलंय हं. आता अर्ध्या तासात छपाईवाल्याला फोन करतेय."

त्याने हात वर केला. त्याच्या नकळत, पुरता नाही, खांद्यापर्यंतच.

"चहा ना? आत्ता सांगते," बाई म्हणाल्या, आणि दाराकडे तोंड करून, "एक चहा आण रे इकडे!"

चहा आला. तो प्यायला. चहा छान होता, पण पिता पिता त्याला बायकोचे शब्द आठवले. त्या मोरीच्या दाराआडचा गळका नळ त्याच्या कानात ठिबकू लागला. सगळं आयुष्य असंच गेलं, हात वर करायचा आणि जे मिळेल ते घेऊन परत यायचं. त्याने कप खाली ठेवला, तो बशीत खणखणला, आणि त्या आवाजाच्या आडोशाने तो बोलला. "घर गेलंय."

"कुणाचं?"

"आत्याचं. शिलाईत." त्याने पुस्तक काढून उघडलं आणि बोट ठेवलं. "ही फळी. हे कोपर. मधलं सगळं गेलं. चूक माझी आहे. पण असं छापू नका."

बाईंनी पुस्तक हातात घेतलं. त्यांचा चेहरा उतरला. "अरे देवा. पडद्यावर तर सगळं सलग दिसतं, मीही बघितलं नाही. थांबा, आत्ता सरकवते ना डावीकडे."

"डावीकडे घेतलं तर सुईण जाते."

"मग उजवीकडे."

"नळ जातो."

कारागीर खुर्चीत हलला. "नकाशेवाले, शिलाईला तिचा घास द्यावाच लागतो. काहीतरी ती खाणारच. नुसतं आभाळ ठेवा मध्ये, आभाळ कुणाचं जात नाही."

"काका, खरं सांगू?" बाई हळूच म्हणाल्या. "मुलांच्या लक्षातही येणार नाही. एक घर फक्त. बाकीची वस्ती आहे ना सगळी."

एक घर फक्त. त्या बोलल्या ते मायेनेच. त्यांचं काय चुकलं? त्याला राग आला नाही, फक्त सकाळचं ते भाजलेलं बोट पुन्हा हुळहुळलं. मान हलवून 'राहू दे' म्हणावं, असं सवयीने तोंडापर्यंत आलं. समोर टेबलावर पुस्तक पडलं होतं. बाई टेबलाच्या पलीकडे होत्या, त्यांनी ते आपल्याकडे नीट बघायला म्हणून अर्धवट फिरवलं, आणि त्याच्या बाजूने नकाशा तिरपा झाला. आडवी पडलेली गल्ली उठायला लागली. जणू कुणी आजारी माणूस कूस वळवत होता. टेबलाच्या पलीकडून त्याला क्षणभर साबणाचा वास आला. त्याने हात पुढे केला, बाईंच्या हातातलं पुस्तक आणखी थोडं फिरवलं, पुरतं उभं केलं. मग खिशातली पट्टी काढून गल्लीवर ठेवली, आणि पट्टी तशीच उचलून पुस्तकाच्या शिलाईवर धरली.

"गल्ली शिलाईत जाऊ दे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"सबंध नकाशा वळवतो. गल्ली उभी येईल, बरोब्बर घडीत. घरं दोन्ही अंगांना राहतील, दारं गल्लीवर उघडतील. एकही घर जाणार नाही." तो भराभर बोलत होता, आपणच बोलतोय याचं त्याला नवल वाटत होतं. "आणि गल्ली तशी होतीच. अशीच फट. आत बघायचं तर पोरांना पुस्तक दोन्ही हातांनी ताणून उघडावं लागेल, मान वाकडी करावी लागेल. गल्लीत सगळ्यांना करावी लागायची. वस्ती लांबीरुंदीला सारखीच आहे, पानावर बसेल."

कारागिराने पुस्तक घेतलं, फट दाबून पाहिली, नाकाने हुंकार दिला. "बसेल."

"पण काका, उत्तर?" बाईंनी विचारलं. "उत्तर आडवी जाईल ना? तुम्हीच तर मला पहिल्या दिवशी तासभर ऐकवलं होतं, नकाशात उत्तर..."

"जाऊ दे आडवी. बाण काढू कोपऱ्यात. ज्याला उत्तर वर हवी त्याने पुस्तक फिरवावं." जन्मभर शेकडो नकाशांवर त्याने उत्तर वर धरून ठेवली होती, तोल जाऊ नये म्हणून कठडा धरावा तशी. आता हात सोडला तर काही पडलं नाही. "पण माणसं पुन्हा काढावी लागतील. नुसतं फिरवलं तर सगळे झोपतील. आत्याचा नवरा सोडून. तो तेवढा उठून उभा राहील."

कारागीर मोठ्याने हसला. बाईंनी फोन उचलला, आणि पलीकडच्या माणसाशी त्या बराच वेळ बोलल्या, आधी गोड, मग चढ्या आवाजात, मग पुन्हा गोड. फोन ठेवून म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यावर गेलं. चिडलाय तो. चिडू दे. तुम्हाला जमेल ना तेवढ्यात?"

जमेल का? त्याला पुन्हा नळाशी बसून बायकांना भांडायला लावायचं होतं, पुन्हा त्या मुलीच्या केसात आईची बोटं घालायची होती, त्या अबोल भावांना पुन्हा पाठीला पाठ लावून बसवायचं होतं. एकदा निरोप देऊन झालेली माणसं दाराशी परत आली होती, काहीतरी विसरलं म्हणून. "जमेल," तो म्हणाला.

परतताना तो फरशीच्या वाटेवर थोडा वेळच राहिला. ऊन तापलं होतं, बाकांवरचे म्हातारे घरी गेले होते. हिरवळीपाशी येताच त्याने पाटी वाचली, इकडेतिकडे पाहिलं, आणि गवतावर पाय ठेवला. गवत दमट होतं. पायांना सगळं ठाऊक होतं. नळापाशी तो वळला, पायरी चढला, दोरीखाली वाकला. मिशीवालीच्या दाराकडे त्याने बघितलं नाही. गल्लीत शिरल्यावर त्याचे खांदे आपसूक आत गेले. दोन्ही बाजूंना दारं होती, अजून न काढलेली, या आठवड्यात काढायची. निळं दार पुढे होतं.

समोरून एक तरुण बाई बाबागाडी ढकलत येत होती. गवतातून, थेट गल्लीतून. तो थांबला. पोट आत ओढून कूस वळवली, पण बाबागाडी गल्लीत तशी मावणारी नव्हती. गाडीत बाळ होतं, मूठ तोंडात घालून आभाळाकडे बघणारं. भरलेल्याला आधी वाट. तो उलट पावली मागे जायला लागला, एक हात भिंतीला लावून, दोरीखाली वाकून, पायरी मागच्या मागे उतरून, गल्लीच्या तोंडाशी येऊन बाजूला उभा राहिला.

ती बाई चकित होऊन बघत होती. सगळी हिरवळ मोकळी पडली होती. "अहो आजोबा," ती म्हणाली, "एवढी जागा आहे की! मागे कशाला जाता?"

त्याला पुष्कळ काही सांगता आलं असतं. आठवडाभराने ते सगळं पुस्तकात असणार होतं, त्या बाळाच्या हाती पडेल तेव्हा पडेल. "या तुम्ही आधी," तो म्हणाला. "बाळ आहे."

ती हसली आणि पुढे आली. त्याच्यापाशी पोचल्यावर का कोण जाणे, तिनेही गाडीचं तोंड किंचित वळवलं आणि त्याच्या अंगाला न लागता, अंग चोरून, जपून बाहेर पडली. तो तिला जाऊ देऊन पुन्हा आत शिरला. स्वयंपाकघरापाशी वळसा घेतला, भांड्यांना पाय लागू नये म्हणून.